विहीणबाई, मोटरहोम आणि मागे जोडलेली गाडी

"आई, मो म्हणतेय तू पण ये. पाच दिवस हायलँड्स. आपण तिघीच."

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी फार्मसीतून नुकतीच घरी येऊन चहा टाकत होते. मुक्ता माझी एकुलती एक. मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउट्सवर सायकल शिकली, शिकायला ग्लासगोला गेली आणि तिथलीच झाली. मो म्हणजे मोरॅग, मुक्ताच्या होणाऱ्या नवऱ्याची, यूअनची आई. गणिताची रिटायर्ड शिक्षिका. यजमान गेल्यापासून एकटीच मोटरहोम घेऊन फिरते. यूअन महिन्यातले निम्मे दिवस समुद्रात तेलाच्या रिगवर असतो, त्यामुळे या भटकंतीत तिला सोबत असते ती माझ्या मुलीची.

"होणाऱ्या सासूला तू 'मो' म्हणतेस?" मी विचारलं.

"मग काय म्हणू? मोरॅगकाकू?"

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर तो म्हणाला, "जा की. फक्त भांडू नकोस."

"मी कधी कुणाशी भांडलेय?"

तो शांतपणे फोनमध्ये बघू लागला.

मेअखेरीस निघाले. मिल्टन कीन्सहून ग्लासगोला थेट गाड्या आहेत, तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, पाचेक तासांत पोचता. बॅगेत तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी आणि विहीणबाईंसाठी एक पैठणी स्टोल होता.

ग्लासगोच्या बाहेर मोरॅगच्या घरासमोर ती मोटरहोम उभी होती, क्रीम रंगाची, चांगली लांबलचक. आणि तिच्यामागे, आईचा पदर धरून उभ्या राहिलेल्या मुलासारखी, एक छोटीशी लाल गाडी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोटरहोम म्हणजे चालतंफिरतं घर, पण एकदा कॅम्पसाइटवर लावलं की दूध आणायलाही ते हलवणं जिवावर येतं. म्हणून काही जण मागे छोटी गाडी ओढत नेतात. घर एका जागी लावायचं आणि अरुंद रस्त्यांवर गाडी काढायची. दोन्हींच्या मध्ये इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची लोखंडी चौकट असते. तिचे दोन पाय गाडीच्या पुढच्या बाजूला पिनांनी अडकवायचे आणि टोक मोटरहोमच्या मागच्या गोळ्यावर बसवायचं. गाडीची चारही चाकं रस्त्यावरच फिरतात.

"आधी चहा घ्या," मोरॅग म्हणाली. उंच, पांढरे केस कापलेले, हाताचा पंजा नितीनच्या पंजाएवढा. मला मिठी मारली आणि स्टोल लगेच गळ्यात घातला, फ्लीसच्या जॅकेटवर. छान दिसत होता. मला तेही आवडलं नाही.

मग दोघी गाडी जोडायला गेल्या. मी खिडकीतून बघत होते. मुक्ता लाल गाडीत बसली, मोरॅगने नुसता हात हलवला, गाडी बोटभर पुढे आली. मोरॅगने चौकटीचं टोक गोळ्यावर ठेवलं, मुक्ताने उतरून दांडा दाबला, खट्ट आवाज झाला. एकीने वायर जोडली, दुसरीने सुटली तर ब्रेक लागावा म्हणून असलेली तार. एक शब्द नाही. मग मोरॅग मोटरहोममध्ये बसून दिवे लावत राहिली आणि मुक्ता मागे उभी राहून अंगठा दाखवत राहिली.

या मुलीबरोबर मी आजवर एका चादरीची धड घडी घातलेली नाही. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे, आणि तिसऱ्या मिनिटाला आमचं वाजतं.

लॉक लोमंड या तळ्याच्या काठाने जाणारा रस्ता सुंदर आहे, पण टारबेटच्या पुढे असा अरुंद होतो की समोरून ट्रक आला की मी पोट आत ओढून घेत होते. मोरॅग गाणं गुणगुणत चालवत होती आणि मुक्ता तिच्या शेजारी बसून सूर धरत होती. मी मागच्या बाकावर पट्टा बांधून.

ग्लेन्कोची कॅम्पसाइट डोंगरांच्या पायथ्याशी आहे. वीज असलेली जागा रात्रीला चाळीसेक पाउंड पडते, आणि उन्हाळ्यात महिनोन्‌महिने आधी बुक करावी लागते. संध्याकाळी मिजेस येतात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक चावरे कीटक, तेव्हा जाळीची टोपी न्या. मोरॅगने रात्री मसुरीचं सूप केलं. मुक्ताने दोनदा मागून घेतलं.

"मोचा सूप बेस्ट असतो, आई." तिच्या मराठीत नपुंसकलिंग नसतंच.

डाळच होती ती. बिनफोडणीची. माझ्या आमटीला ही मुलगी पंधरा वर्षं नाक मुरडत आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल गाडी सोडवली आणि आम्ही ग्लेन एटिव्हला गेलो. जाणार असाल तर हा रस्ता छोट्या गाडीनेच करा. एकच लेन, जागोजागी थांबायच्या जागा, दोन्ही बाजूंना अंगावर येणारे डोंगर आणि शेजारून उड्या मारत जाणारी नदी. शेवटी तळं लागतं आणि रस्ताच संपतो. इतकी शांतता होती की मीसुद्धा घडीभर सगळं विसरले.

तिथून आम्ही चढण चढायला लागलो. मध्येच मुक्ता थांबली आणि तिने उजवा हात पोटाच्या खालच्या बाजूला धरला.

मोरॅग मागे वळून म्हणाली, "ऑपरेशनच्या जागी अजून ओढ बसते का गं?"

"कसलं ऑपरेशन?" मी विचारलं.

मोरॅगचा चेहरा पडला. तिला वाटत होतं की मला माहीत आहे.

जानेवारीत मुक्ताचं अपेंडिक्स काढलं होतं. घाईघाईने, मध्यरात्री नेऊन. तेव्हा मी पुण्यात होते, माझ्या आईच्या उशाशी. आई त्याच महिन्यात गेली. मुक्ताने ना मला कळवलं, ना नितीनला.

"तू आजीपाशी होतीस ना," ती मराठीत, हळू आवाजात म्हणाली. "तुला सांगून तू काय केला असतास? इकडे पळत आली असतीस. मग आजीला सोडून आल्याचा वाईट वाटला असता तुला. मला सांगायचा होता नंतर. पण नंतर तू खूप रडत होतीस."

"कोण होतं तुझ्याजवळ?"

"मो होती. पूर्ण वेळ."

तिचं बरोबर होतं, हे मला तिथेच कळलं. आणि कळून काहीही उपयोग झाला नाही. गुंगी उतरल्यावर माझ्या मुलीने डोळे उघडले तेव्हा समोर कोण बसलं होतं, तिचे केस कुणी बांधून दिले, तिला पहिला घोट कुणी पाजला, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मी मोरॅगला "थँक यू" म्हणाले. ते इतकं कोरडं निघालं की तिने मान खाली घातली.

रात्री मला झोप लागली नाही. वरच्या बंकवर मुक्ता, मागे मोरॅग घोरत होती. माझी मुलगी म्हणते, मो घोरली की मस्त झोप लागते.

सकाळी आवरून निघायची वेळ झाली तेव्हा मी जाहीर केलं, "आज गाडी मी जोडणार."

"आई, मी आहे ना."

"दोनदा बघितलंय मी. गोळ्या मोजून देण्यात आयुष्य गेलं माझं, एवढं जमतं मला."

मोरॅग म्हणाली, "जरूर. बघा करून." इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण तिचं बोलणं मला कायम 'तुम्ही' असंच ऐकू यायचं.

मी लाल गाडी मागे आणून लावली. जमीन थोडी उताराची, म्हणून हँडब्रेक कचकन ओढला. चौकट गोळ्यावर बसवली, खट्ट आवाज झाला, पिना घातल्या, वायर, तार. किल्ली एक टप्पा फिरवून ठेवली म्हणजे स्टिअरिंग मोकळं राहतं, गिअर न्यूट्रलला. माझे हात काळे झाले होते आणि मला विलक्षण आनंद झाला होता. मुक्ता तपासायला पुढे आली.

"हँडब्रेक, आई?"

"केलंय गं सगळं. जरा विश्वास ठेव की."

ती थांबली. मोरॅगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने जाऊन बसली.

बॅलाहूलिशचा पूल ओलांडून आम्ही फोर्ट विल्यमच्या दिशेने लागलो. डाव्या हाताला खाडीचं पाणी चमकत होतं. आज मी पुढे, मोरॅगच्या शेजारी बसले होते.

"जड लागतेय आज," मोरॅग म्हणाली. "वारा समोरून आहे बहुतेक."

थोड्या वेळाने मागची व्हॅन दिवे उघडझाप करायला लागली. मग हॉर्न. मग मलाही वास आला, जळक्या रबराचा. मोरॅगने रस्त्यालगतच्या थांब्यावर गाडी घेतली. आम्ही उतरलो. लाल गाडीच्या मागच्या चाकांतून धूर येत होता. टायर एका बाजूने घासून सपाट झाले होते, आतले धागे दिसत होते. हँडब्रेक अजून वर ओढलेला होता.

व्हॅनवाला काच खाली करून "सगळे ठीक आहात ना?" असं विचारून गेला. आणि मग मोरॅग ओरडली.

"टायर फुटला असता तर? मागून एखादी मोटरसायकल येत असती तर? तिने विचारलं होतं! तिने विचारलं होतं ना तुला!"

हे मात्र मला स्वच्छ 'तू' ऐकू आलं.

मुक्ता मध्ये आली. "माझ्या आईवर ओरडू नकोस, मो." इंग्रजीतच म्हणाली, पण आवाज अगदी माझा होता. "ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड. मी बघायला हवं होतं."

मोरॅग वळली आणि पाण्याकडे उतरून गेली.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी, धूर येत असताना, मला बरं वाटलं. माझी लेक माझ्या बाजूने उभी राहिली होती. तो आनंद फार टिकला नाही, कारण मुक्ता रडत होती. चाकाला टेकून, लहानपणी रडायची तशी, आवाज न करता. तिच्या दोन आयांनी तिला त्या रस्त्याच्या कडेला मधोमध उभं केलं होतं.

मी तिला पाण्याची बाटली दिली आणि खाली उतरले. मोरॅग एका दगडावर बसली होती. मी शेजारी बसले.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "ती तुमच्याबरोबर न बोलता काम करते. मला ते बघवत नव्हतं."

तिने नाक पुसलं. "न बोलता? अहो, मला तिच्याशी बोलायला जमतं तरी कुठे तुमच्यासारखं? तुम्ही आल्यापासून ती वेगळीच आहे. भराभरा बोलते, हात हलवते, भांडते. माझ्याशी ती कधी भांडत नाही. सारखी सॉरी आणि थँक यू. तुम्ही दोघी बोलता ना, तेव्हा मी मधले इंग्रजी शब्द पकडते आणि विषय कोणता ते ओळखायचा प्रयत्न करते. परवा रात्री 'सूप' ऐकलं. काय म्हणत होतात?"

"तिला तुमचं सूप आवडतं, असं म्हणत होती."

"आणि तुम्ही?"

"मी काही नाही म्हटलं. पण फोडणी हवी होती."

ती हसली. मग मी विचारलं, जे विचारायला कालपासून जीभ रेटत नव्हती. "हॉस्पिटलमध्ये ती फार घाबरली होती का?"

मोरॅगने सगळं सांगितलं. वर्गात शिकवतात तसं, काही न गाळता. आत नेताना मुक्ताने तिचा हात घट्ट धरला होता. आणि बाहेर आणल्यावर, अर्धवट गुंगीत, ती सलग कितीतरी वेळ मराठीत बोलत होती. "मला एक शब्द कळला नाही. मी नुसती हो हो म्हणत राहिले. फक्त 'आई' कळलं. ते बऱ्याचदा होतं."

मग आम्ही एकमेकींना धरून चढण चढून वर आलो, दगड निसरडे होते.

लाल गाडी तशा टायरांवर ओढणं शक्यच नव्हतं. फोन करून मेकॅनिक बोलावला, त्याने जागेवर दोन टायर बदलून दिले आणि ब्रेक तपासले. पैसे मी दिले, मोरॅगने देऊ दिले. ओढून न्यायचं असेल तर तुमच्या ब्रेकडाउन कव्हरमध्ये, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत देणाऱ्या विम्यात, मागची गाडीही धरली आहे का, ते निघण्यापूर्वी विचारून घ्या.

पुढचे दोन दिवस अरिसेगला काढले. तिथली वाळू पांढरीशुभ्र आणि पाणी हिरवं. समोर एग आणि रम ही बेटं. मॅलेगला बंदरावर ताजे फिश अँड चिप्स खाल्ले, सीगलनी माझे निम्मे पळवले. मी मसुरीच्या सुपाला जिरं-लसणाची फोडणी दिली. मोरॅगला ठसका लागला, तरी तिने संपवलं. मुक्ता म्हणाली, "आधीचाच बरा होता." आम्ही दोघींनी एकदमच तिच्याकडे बघितलं.

परतताना गाडी तिघींनी जोडली. खूप बडबड झाली, वेळही दुप्पट लागला. मोरॅग प्रत्येक गोष्ट मोठ्याने विचारत होती आणि मी मोठ्याने उत्तर देत होते, शाळेतल्यासारखं. हँडब्रेक तीनदा विचारला.

मिल्टन कीन्सला परत येऊन आता महिना झाला. हेवा गेला का? नाही. मोरॅगने मुक्ताबरोबरचा एखादा फोटो पाठवला, दोघी कुठल्याशा डोंगरावर, की अजूनही छातीत काहीतरी टोचतं. नितीनला मी तो फोटो दाखवते आणि "छान आलाय" म्हणते. तो फोटोऐवजी माझ्याकडेच बघतो.

पण मोरॅग आता मला दर रविवारी फोन करते. लग्नात वरातीच्या वेळी विहिणीने काय करायचं असतं, ते तिला शिकायचं आहे. मानपान म्हणजे काय हे समजावताना माझी तारांबळ उडते. तिच्या यजमानांबद्दल तिने सांगितलं, माझ्या आईबद्दल मी सांगितलं. एकदा तर तासभर झाला.

परवा मुक्ताचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर सहजच विचारल्यासारखं तिने विचारलं, "आई, संडेला तुझा फोन खूप वेळ बिझी होता. मो पण बिझी होती. तुम्ही दोघी एवढा काय बोलता?"

तिच्या आवाजातलं ते टोचणं मला लगेच ओळखू आलं.

"असंच," मी म्हणाले. "आमचं आपलं काहीतरी."