मोहरी आणि शिट्टी

सख्ख्या सासूच्या करणीवर भरल्या हॉलमध्ये शिट्टी फुंकून, त्याच दिवशी तिच्याच हातच्या पोळ्या खायला बसलेला जावई मराठी मुलखात आजवर एकच होऊन गेला असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. आमच्या दोघांच्या सासूबाई एकच, त्यामुळे त्या प्रकरणात मीही नाहक होरपळलो. साडू मूळचे खडकीचे. कॉलेजात हॉकी खेळले, मग गिअर मोजायच्या नोकरीवर स्टुटगार्टला आले आणि तिथेच राहिले. मी न्युरेम्बर्गला. आमच्या बायकांचं बहिणीबहिणींचं प्रेम इतकं उतू जाणारं की दर महिन्याला आम्ही बाडबिस्तरा घेऊन स्टुटगार्टला हजर. माणूस उंच, किडकिडीत, बोलायला मऊ. पहिल्या भेटीत मला ते फार सज्जन वाटले. दुसऱ्या भेटीत त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर हिरवं कार्ड दाखवलं.

झालं एवढंच, की श्रीखंडाचं भांडं फिरत होतं आणि ते पुढे पोचायच्या आत मी दुसऱ्यांदा चमचा घातला. साडूंनी सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं, हात सरळ वर केला आणि माझ्याकडे बघत राहिले. मी चमचा तसाच भांड्यात सोडला. मेहुणी म्हणाली, "मनावर घेऊ नका, हिरवं म्हणजे नुसती ताकीद. पिवळं मिळालं असतं तर थोडा वेळ टेबलावरून उठावं लागलं असतं." मला वाटलं चेष्टा आहे. मग कळलं की तिला स्वतःला दिवाळीत पिवळं मिळालं होतं आणि ती खरोखरच गॅलरीत जाऊन उभी राहिली होती.

साडू अंपायर होते, आणि तेही हॉलमधल्या हॉकीचे. हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोकळं मैदान येतं. पण तिकडे हिवाळ्यात मैदानावर बर्फ साचतो, म्हणून ही मंडळी तोच खेळ बंद हॉलात, गुळगुळीत जमिनीवर खेळतात. चेंडू फटकावायचा नाही, नुसता ढकलायचा. गोलवर नेम धरला असेल तरच तो हवेत उचलायचा. दोन्ही कडांना आडव्या फळ्या लावलेल्या, त्यामुळे चेंडू बाहेर जायचं नावच घेत नाही, आणि दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन पंचांना पापणी मिटायचीही सोय राहत नाही. साडूंना नेमकं हेच आवडायचं. पंचाची पाठ खेळाकडे होता कामा नये म्हणून ते आडवं चालायचा सराव करत, आणि तोही स्टुटगार्टच्या चढावरच्या दगडी पायऱ्यांवर. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या त्यांना बघून भिंतीला चिकटत. एकदा सुपरमार्केटच्या रांगेत एक धिप्पाड गृहस्थ मध्ये घुसले. साडूंनी खिशातली शिट्टी काढून फुंकली आणि हाताने मागची दिशा दाखवली. मी डोळे मिटून घेतले, कारण आता मार बसणार याची मला खात्री होती. डोळे उघडले तेव्हा तो गृहस्थ मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभा होता. त्या क्षणी मला जर्मनीचा जितका धक्का बसला तितकाच साडूंचाही बसला.

त्यांचं तत्त्व एकच होतं आणि ते कुणी न विचारता सांगत. "माणूस आहे, चूक होणारच. पण पहिल्या मिनिटाला जे चूक ते शेवटच्या मिनिटालाही चूक, आणि यांना चूक ते त्यांनाही चूक." गणेशोत्सवात मराठी मंडळाने त्यांना एकदा मोदकांच्या स्पर्धेचे परीक्षक केलं. त्यांनी स्वतःच्या बायकोचा मोदक शेवटच्या नंबरावर टाकला, कारण पारीला तडा होता. मेहुणीने तो आठवडा त्यांना ब्रेड-बटरवर ठेवलं. ते तक्रार न करता खात होते, आणि मधूनच म्हणत, "पण तडा होता."

सगळ्यात जास्त चीड त्यांना कशाची असेल तर भरपाईच्या शिट्टीची. म्हणजे पंचाने आधी एका संघाविरुद्ध चुकीचा निर्णय द्यायचा, मग मनाला टोचणी लागली म्हणून दुसऱ्या संघाविरुद्ध तसाच एक खोटा निर्णय देऊन हिशेब मिटवायचा. माझी दोन मुलं एकदा त्यांच्या घरी भांडली. मी मोठ्याला दटावलं, तो रडायला लागला, म्हणून समतोल राखायला धाकट्यालाही एक टपली दिली. साडू असे दचकले की जणू मी मुलाला गॅलरीतून खाली टाकलं! "अहो, भरपाई केलीत!" एवढंच ते म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे दुःखाने बघत राहिले.

त्या हिवाळ्यात आमच्या सासूबाई साताऱ्याहून आल्या. येताना त्यांनी सातासमुद्रापार नेण्याजोग्या ज्या वस्तू आणल्या त्यांत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या होत्या. उद्देश एकच, नातवंडांची दृष्ट काढणे. साडूंची मुलगी सई, वय तेरा, क्लबच्या मुलींच्या संघाची गोलकीपर. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. आजीने आल्या आल्या तिच्यावरून मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळल्या आणि तवा तापवून त्यात टाकल्या. ठसक्याने घरातले सगळे बेजार झाले, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई नाकाला रुमाल लावून वर आल्या. साडूंनी त्यांची माफी मागितली आणि घरात नियम केला, "आई, दृष्ट काढा, पण जाळायचं नाही." सासूबाईंनी जावयाचं ऐकलं. पण न जाळलेली दृष्ट टाकायची कुठे, हा प्रश्न राहिलाच.

त्याचं उत्तर त्यांनी सईच्या सामन्याच्या दिवशी शोधलं. त्या दिवशी एकाच हॉलमध्ये सकाळपासून सामने होते. सईच्या संघाला दुपारच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरणार होती. हरला तर हंगाम संपला. सईने त्यासाठी दिवाळीचा फराळसुद्धा सोडला होता. सकाळी दुसऱ्याच दोन संघांचा सामना साडूंकडे होता. त्यात एका संघाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला, म्हणजे गोलसमोर एकटी कीपर आणि एकटी मारणारी. कुरळ्या केसांच्या एका चिमुरड्या कीपरने तो अडवला. साडूंनी शिट्टी फुंकली. चेंडू सुटायच्या आधी कीपरने पाय हलवायचे नसतात आणि हिचे हलले होते, म्हणून स्ट्रोक पुन्हा. दुसऱ्यांदा गोल झाला आणि ती पोर हमसून रडली. सासूबाईंनी वरच्या प्रेक्षकांच्या बाकांवरून सुनावलं, "अहो जावईबापू, लेकराला रडवलंत की!" साडू वर बघून नम्रपणे म्हणाले, "आई, पाय हलले होते."

दुपारच्या सामन्याचे एक पंच बर्फामुळे आउटोबानवर, म्हणजे हमरस्त्यावर, अडकले. दुसरे पंच हजर होते, पण एकट्याने सामना होत नाही. साडूंनी आधीच सांगून टाकलं की माझी मुलगी खेळतेय, मी उभा राहणं बरं नव्हे. समोरच्या संघाच्या प्रशिक्षक बाई मात्र हसल्या. त्या म्हणाल्या की हेच उभे राहणार असतील तर आमची काही हरकत नाही. सईच्या प्रशिक्षकांचा चेहरा तेवढा पडला. त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं, की साडू अंपायर असले की पाहुण्या संघाला घरच्यासारखं वाटतं. इकडे सासूबाई आमच्याशेजारी बसून समाधानाने सांगत होत्या, "पोरीची दृष्ट काढून मीठ-मोहरीची पुरचुंडी तिच्या पायाच्या पॅडमध्येच खोचलीय. सामना झाला की नदीत सोडू. आता जाळायला नको आणि काही नको."

सामना संपत आला तेव्हा बरोबरी होती. समोरच्या संघाची एक मुलगी सगळ्यांना चकवून गोलपाशी आली. सईने खाली झोकून पॅडने चेंडू अडवला, तो परत त्याच मुलीच्या पुढ्यात गेला. गोल रिकामा, ती स्टिक टेकवणार, तोच तिचा पाय सटकला आणि ती धाडकन आपटली. चेंडू फळीला लागून लांब गेला. आमच्या बाजूने केवढा तरी सुस्कारा सुटला. आणि शिट्टी वाजली.

साडू गोलपाशी गेले. पडलेल्या मुलीला लागलं नाही ना ते विचारलं. मग खाली बसून जमिनीवरचे काळे दाणे चिमटीत धरले. त्या अख्ख्या हॉलमध्ये ते काय आहे हे ओळखणारे आम्हीच काय ते. दुसरे पंच म्हणाले की कचरा दिसतोय, झाडून घेऊ आणि मधून चेंडू टाकून नव्याने सुरू करू. समोरच्या प्रशिक्षक बाईंनाही ते मान्य होतं. म्हणजे साडूंनी नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. मी मनात म्हणालो, म्हणा हो, एकदा तरी म्हणा. साडूंनी घसा साफ केला आणि "आल्झो" म्हणून जर्मनमध्ये सुरुवात केली. ही मोहरी आहे. ती माझ्या मुलीच्या पॅडमधून सांडली आहे. ती तिच्या आजीने तिथे ठेवली, कारण आमच्याकडे लोकांची वाईट नजर लागू नये म्हणून असं करतात. सगळी डोकी वर सासूबाईंकडे वळली. आपलं कौतुक चाललंय असं वाटून सासूबाईंनी हात जोडले. "तर," साडू म्हणाले, "कीपरकडच्या वस्तूमुळे नक्की होणारा गोल हुकला." आणि त्यांचा हात पेनल्टी स्ट्रोकच्या खुणेकडे गेला.

माझ्या बायकोने माझा दंड एवढा आवळला की वळ उठले. मेहुणी म्हणाली, "यांनी स्वतःच्या पोरीला..." जमीन झाडून झाली. सई गोलमध्ये उभी राहिली. समोरच्या मुलीने चेंडू ढकलला आणि सईने डावीकडे झेप घेऊन तो अडवला! काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! सासूबाई उभ्या राहून म्हणाल्या, "बघा, मोहरीचा गुण!" मी अनोळखी जर्मन माणसाला मिठी मारली. त्या गलक्यात शिट्टी ऐकूच आली नाही. साडू ती पुन्हा फुंकत होते. पाय हलले होते. स्ट्रोक पुन्हा.

"आबर पापा!" सई ओरडली, म्हणजे ‘पण पापा!’ ती हाक माझ्या काळजात रुतली. साडूंनी तिच्याकडे बघितलं नाही, चेंडू खुणेवर ठेवला. दुसऱ्यांदा तो तिच्या उजव्या पायापासून वीतभर अंतरावरून आत गेला. सामना गेला, हंगाम संपला. समोरच्या संघातल्या मुलींनाही नाचावं की नाही ते कळत नव्हतं.

मी तावातावाने खाली गेलो. "अहो, ते पाय हलल्याचं कुणालाही दिसलं नव्हतं!"

"मला दिसलं," साडू म्हणाले. शिट्टी खिशात ठेवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता आणि खिसा काही सापडत नव्हता. "सकाळी त्या कुरळ्या केसांच्या मुलीला पुन्हा उभं केलं की नाही? तिचा बाप शिट्टी घेऊन उभा नव्हता, एवढाच फरक."

घरी सासूबाईंनी पोळ्या केल्या, पण वाढताना भिंतीशी बोलल्या. "कुणाला आमटी हवी असेल तर त्याने घ्यावी." पुढचे कितीतरी दिवस जावयाशी त्यांचं बोलणं असं भिंतीमार्फतच चाललं. सईने तर भिंतही वापरली नाही. ती बापाच्या प्रश्नांना जर्मनमध्येसुद्धा उत्तर देईना. साडू रोज सकाळी तिच्या खोलीच्या दारापाशी थोडा वेळ थांबत आणि कामावर जात. आडवं चालायचा सराव त्यांनी बंद केला होता. मेहुणीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

सासूबाई परत निघाल्या त्या दिवशी आम्ही स्टुटगार्टला होतो. बॅगा दारात, टॅक्सीला वेळ होता. सासूबाईंनी सगळ्या नातवंडांवरून मीठ-मोहरी उतरवली, आणि मग भिंतीशी न बोलता थेट म्हणाल्या, "जावईबापू, या इकडे, उभे राहा."

"मी?"

"त्या दिवशी हॉलभर माणसं तुमच्याकडे डोळे फाडून बघत होती. दृष्ट लागलीच असेल तर तुम्हाला."

साडू दारापुढच्या पायपुसण्यावर ताठ उभे राहिले. सासूबाई मूठ ओवाळून पुटपुटू लागल्या, आणि एवढ्यात कर्कश शिट्टी वाजली. आम्ही सगळे दचकलो. सई सोफ्याच्या टोकाला उभी होती. बापाच्या कोटातून काढलेली शिट्टी तिच्या तोंडात होती आणि हात बापाच्या पायांकडे रोखलेला.

"पापा, पाय हलले," ती चक्क मराठीत म्हणाली. "नोखमाल!"

नोखमाल म्हणजे पुन्हा एकदा. साडूंनी तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते कसेबसे म्हणाले, "हलले खरे," आणि पाय जुळवून पुन्हा उभे राहिले. सासूबाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला पाय जरासुद्धा हलले नाहीत. मग साडू खाली जाऊन शेजारच्या बाईंना आधीच सांगून आले, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आपल्या हाताने तवा तापवायला ठेवला. मिरच्या तडतडल्या, धूर झाला, पण ठसका कुणालाही लागला नाही. सासूबाई विजयी मुद्रेने म्हणाल्या, "बघा, ठसका नाही, म्हणजे केवढी दृष्ट होती!"

त्यानंतर सासूबाईंना जर्मनीचा प्रवास झेपला नाही, आणि आता त्या नाहीत. सई शिकायला ब्राउनश्वाइगला गेली. साडूंचे गुडघे गेले, शिट्टी खुंटीला टांगलेली असते. त्यांच्या टेबलावर बसून श्रीखंडात दुसऱ्यांदा चमचा घातला तरी हल्ली कुणी कार्ड काढत नाही, आणि ते श्रीखंड मला पूर्वीसारखं लागत नाही. सासूबाई निघाल्या त्या दिवशी खिडकीपाशी उभ्या असलेल्या साडूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मिरच्यांच्या धुराने आलं असं ते आजही सांगतात. त्यांचे बाकी सगळे निर्णय मी मान तुकवून मान्य केले. हा एक मात्र मला मान्य नाही.