आईच्या नावापुढचे नऊ

पडद्यावर माझ्या आईचा फोटो होता. दारात उभी, तोंडाला पदर लावून हसणारी. परभणीतला हॉल, पुढच्या रांगेत शहरातले पाहुणे. मी सगळ्यात मागे, फॉर्म भरणाऱ्या पोरींसोबत. आमच्या संस्थेचे सर फोटोकडे बोट करून म्हणाले, "या बाईकडे काय आहे? काहीच नाही. तरी दहापैकी नऊ सुखी. आणि आपण एसीत बसून रडतो."

लोक हसले. टाळ्या वाजल्या. ती माझी आई आहे हे पाहुण्यांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी टाळ्या थांबल्या नसत्या.

ते नऊ मी लिहिले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही मला शहाणी समजाल.

सरांची संस्था गावोगाव सुख मोजत होती. ताडकळसच्या आसपासची गावं माझ्याकडे, कारण मी तिथलीच, बी.ए. झालेली. प्रश्न एकच. एक ते दहा, तुम्ही किती सुखी? आमच्याकडे असा आकडा कोण सांगतं? बाया म्हणायच्या, "बरं हाय." त्यावर सरांनी नियम दिला होता. बरं हाय म्हणजे आठ. हसून म्हणाली तर नऊ. मी मुकाट लिहीत गेले. सर एवढे शिकलेले, त्यांना माणसाचं मन कळत असणार, असं वाटायचं.

आमच्यात दारात आलेल्यापुढं रडगाणं गात नाहीत. घरात लेकरू तापानं फणफणत असलं तरी आधी चहा, मग "बरं हाय". हे मला लहानपणापासून माहीत. आणि आई तर लाजून हसली होती, सर मोबाइल रोखून उभे होते म्हणून. तरी मी नऊ लिहिले. स्वतःच्या आईच्या नावापुढं!

फोटोनंतर सरांनी यादी दाखवली. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांना गावातच ठेवून घेणारं हंगामी वसतिगृह कुठं व्हावं, याची शिफारस संस्था करणार होती. आमचं गाव त्यात नव्हतं. सर म्हणाले, "या बाईच्या गावातले लोक समाधानी आहेत. सुखी माणसाला योजना देऊन बिघडवू नये."

माझी धाकटी बहीण सातवीत आहे. दिवाळीनंतर टोळी निघाली की तीही निघणार, शाळा सोडून, फडावर दुसऱ्यांची लेकरं सांभाळायला. तिला तिकडं धाडायचं काम माझ्याच पेनानं केलं होतं.

मी उभी राहिले. "सर, ती माझी आई आहे. ती नऊ म्हणाली नाही."

"तुला फॉर्म भरायला ठेवलंय. विचार करायला आम्ही आहोत. बस खाली."

आणि मी बसले. अजून राग येतो. सरांचा कमी, माझा जास्त.

घरी गेले. आई भाकरी थापत होती. चुलीपाशी बसून विचारलं, "आई, त्या दिवशी बरं हाय का म्हणलीस?"

"मागल्या साली कोयता पायाला लागला व्हता. औंदा न्हाई लागला. मग बरंच की." भाकरी उलटून म्हणाली, "अन् त्या साहेबाला काय सांगू, कंबर लय दुखायलीय म्हणून? तो काय माझा भाऊ हाय?"

तिनं आपलं बरं मागच्या जखमेशी ताडून पाहिलं होतं. सरांनी स्वतःच्या कंटाळ्याशी. गरीब हसतोय म्हटलं की पोटभर जेवलेल्याला झोप छान लागते. त्यांना ते नऊ हवेच होते, मी फक्त हातात दिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या हातचे सगळे फॉर्म काढले. एकेक आकडा खोडला. शेजारी लिहिलं, "हा आकडा बाईनं सांगितलेला नाही. मी लिहिला." खाली सही. सर ओरडले, "वेड लागलंय का? तुझं काम गेलं समज!"

"गेलं," म्हटलं. फॉर्मांचे फोटो काढून घेतले. एक अर्ज लिहून त्याला ते जोडले, घरोघर फिरून बायांचे अंगठे घेतले आणि वसतिगृहाची मागणी सरकारी ऑफिसात देऊन आले.

अजून उत्तर नाही. येईल याचा भरवसाही नाही. पण आईला सांगून टाकलंय, टोळीसोबत तुम्ही जा, बहीण येणार नाही. गल्लीतल्या आणखी ज्या पोरी मागं राहतील, त्यांनाही मी ठेवून घेणार. भाकरी मी थापीन, शाळेत मी सोडीन. दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या दाराला कुलूप लागतं. यंदा लागणार नाही.