आईचं सहावं वावर

पडद्यावर माझी आई बोलत होती. पुण्यातलं गारेगार सभागृह, खुर्च्या सगळ्या भरलेल्या. आई धरणात गेलेल्या आपल्या वावरांची नावं घेत होती आणि खाली इंग्रजीत एकच ओळ दिसत होती. 'आमचं सगळं गेलं.' बस.

मॅडमनी टेप मध्येच थांबवली. म्हणाल्या, "पाहा, एवढी बडबड एका ओळीत बसवली. प्रेक्षकाचं काहीही बिघडलं नाही."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी हसलंसुद्धा. मी मागच्या रांगेत बसले होते.

मॅडम माझ्या मार्गदर्शक. दोन हजारच्या आसपासची गोष्ट. सबटायटलच्या अभ्यासात तेव्हा छाटणीचीच चलती होती. ओळीत अक्षरं किती, डोळा किती वेगानं वाचतो, याचे तक्ते. कुणाचं बोलणं छाटलं, याला रकाना नव्हता. मॅडमना नमुना हवा होता, म्हणून मीच त्यांना डिंभ्याला, धरणाकाठच्या आमच्या घरी नेलं. आई ठेवणीतलं लुगडं नेसली. एकेक नाव सावकाश घेतलं तिनं. मी ती सगळी लिहून दिली. मॅडमनी त्यावर लाल पेनानं काट मारली. शेजारी शब्द, 'अनावश्यक'. मी गप्प बसले, कारण डिग्री त्यांच्या हातात होती.

सुट्टीत घरी गेले तर आईनं विचारलं, "माजी समदी वावरं आली का गं त्यात?"

"आली," म्हटलं मी.

ती हरखली. शेजारणीला सांगून आली. दिवाळीच्या आधी आई गेली. माझं खोटं खरं मानून गेली, हे मला अजून सोसत नाही.

म्हणून त्या दिवशी सभागृहात उठले. "मॅडम, टेप पुढं चालवा."

"खाली बस. हा अभ्यास आहे, रडगाणं नाही."

टेप कुणी चालवली नाही. मग मीच बोलले. आंब्याचं टुकडं. ओढ्याची पट्टी. जिजीचं खाचर. विहिरीचं शेत. माळाचं वावर. आणि सहावं मला आठवेना. भर सभेत आठवेना. आईला विचारायची सोय उरली नव्हती. मी लिहून दिलेला कागद कधीच रद्दीत गेला होता; ते नाव आता फक्त त्या टेपमध्ये होतं.

तिथंच रडले मी. कुणी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिले. माझं नाव तुमच्या विद्यार्थ्यांतून काढा, म्हटलं, पण आईची टेप द्या. ती घेतल्याशिवाय मी हलणार नाही. विषय माझा मी ठरवला आहे, कुणाचं काय छाटलं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर आईची वावरं येतील. सहाही. नावानिशी.