भिंतीला भिंत आणि कॉन्फरन्स कॉल

मंगळवारी दुपारी ऑफिसच्या फोनमध्ये एकाच बाईचा आवाज मला दोनदा ऐकू आला. आधी स्पष्ट, मग क्षणभराने तोच, जरा लांबून... मला वाटलं, झालं, फोन बिघडवला मी.

आदिलाबादला डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी दोन महिन्यांपासून कामाला आहे. महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या बेला गावाकडच्या मराठी पेशंटना फोन करणं माझ्याकडे असतं, कारण मला मराठी लिहिता-वाचता येतं. ते आत्याने घरीच शिकवलं, शाळा नंतर आली आणि तीही तेलुगू.

टेबलावरचा फोन इंटरनेटवर चालतो. टेलिफोनची तार नाहीच, कॉम्प्युटरला असते तशी एक केबल, आणि वीजसुद्धा तिच्यातूनच येते. रिसीव्हर न उचलता आधी नंबर टाकायचा, स्क्रीनवर नीट वाचायचा आणि मग बटण दाबायचं... प्रत्येक गोष्ट तीनदा तपासणाऱ्या माझ्यासारखीला हे फारच आवडलं.

एक कोडं मात्र होतं. मी इथून फोन लावते आणि पलीकडे नंबर दिसतो हैदराबादचा, कारण कनेक्शन तिथल्या मुख्य ऑफिसचं आहे. माझा आवाज बेल्याला जायच्या आधी हैदराबादला जाऊन येतो का, असं मी ऑफिसातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "जातो, पण तिकीट लागत नाही."

तर त्या दिवशी गिरजामावशींना फोन करायचा होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन एक दिवस अलीकडे आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्याची गाडी त्यांना आणायला गावात जाणार होती, आणि सोबत राहणाऱ्या माणसाचं नाव आजच हवं होतं. ही पाळी गेली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि त्यांना एका डोळ्याने आता जवळजवळ दिसत नव्हतं.

तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी उचलला. "कोन बोलून राह्यलं? हैदराबादचं मी कोनाले ओळखत नाही. बँकेचं इचारशील तं आत्ताच ठेवते."

मी दवाखान्याचं नाव सांगितलं, त्या तपासायला आल्या ती तारीख सांगितली, कोणता डोळा तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे चोरालेही मालूम असते."

खरं सांगते, मला राग नाही आला. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं... कोणी सांगितलं तर विश्वास बसेल, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या बाजूच्या सुमनीचं आपरेशन तुमच्याचकडे झालं म्हन्तात. थे म्हनन तं खरं."

"मग विचारा ना मावशी त्यांना."

"काऊन इचारू? तीन वर्षं झाले, बोलनं बंद हाये."

फोनवर कॉन्फरन्सचं बटण आहे. पुस्तिकेत मी ते वाचलं होतं, दाबलं कधीच नव्हतं. शिवाय एका पेशंटबद्दल दुसऱ्याशी बोलायचं नाही हा नियम. म्हणून गिरजामावशींची परवानगी घेऊन त्यांना होल्डवर ठेवलं, तिथे बासरीची धून वाजत राहते, आणि आमच्या यादीतून नंबर काढून सुमनमावशींना फोन लावला. हे असं आहे, जोडू का, नको असेल तर खुशाल नाही म्हणा... एका दमात सगळं सांगितलं.

 पलीकडून एकच शब्द आला, "जोड."

जोडलं. गिरजामावशी आधी म्हणाल्या, "बासरी काऊन बंद केली व?" मग सुमनमावशी म्हणाल्या, "खरी हाये ही पोरगी, दवाखान्याचीच हाये." आणि लगेच तेच शब्द पुन्हा ऐकू आले. मी घाबरून केबल चाचपली.

मग कळलं. दोघी आपापल्या अंगणात बसल्या होत्या, मध्ये एक भिंत. सुमनमावशींचा आवाज भिंतीवरून गिरजामावशींच्या फोनमध्येही शिरत होता. दोन हातांवरच्या दोघींचं बोलणं मी हैदराबादवरून फिरवत होते!

गिरजामावशी मला म्हणाल्या, "तिले इचार, दुखते का म्हना."

मी तोंड उघडायच्या आत उत्तर आलं, "टोचल्यावानी होते. मंग काही नाही."

"पट्टी किती दिस होती म्हना."

"दुसऱ्या दिशी काढली. पयले कॅलेंडर वाचलं मी. आता तिले इचार, सोबत कोन येऊन राह्यलं?"

तेच नाव मलाही हवं होतं. मी पेन उचललं. गिरजामावशी हळू म्हणाल्या, "पोरगा पुण्याले हाये. सुनेचं लेकरू बारकं. कोनी नाही."

"मंग मी येते म्हना."

दोनदा ऐकू आलं ते. "म्हना कोनाले म्हन्तं?" गिरजामावशी म्हणाल्या. "आयकू येते मले."

त्यानंतर मी ऑपरेशनआधीच्या सूचना वाचत होते, पण दोघींपैकी कोणी ऐकत असेल असं वाटत नाही. फोन खाली ठेवले गेले होते आणि भिंतीवरून जोरात काहीतरी चाललं होतं. भांडण नव्हतं एवढं नक्की. संध्याकाळी पुन्हा फोन करून सूचना सांगितल्या, राहवेना म्हणून.

दुसऱ्या दिवशी दोघी गाडीतून उतरल्या. ऑपरेशन नीट झालं. दोघींना विचारूनच हे लिहिते आहे, नावं बदलली आहेत. अबोल्यात चूक तिची नव्हती हे नक्की लिही, असं दोघींनी वेगवेगळं सांगितलं आहे.

फॉर्ममध्ये सोबतच्या माणसाचं 'पेशंटशी नातं' लिहायचं असतं. तिथे मी नेहमी मुलगा, सून, नवरा असं लिहिते. काय लिहू, असं विचारल्यावर दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग गिरजामावशी म्हणाल्या, "शेजारीन लिही. अजून काय?"

लिहिलं. सरांनी विचारलं तर सांगेन, हेही नातंच आहे.