रफूगाराची वाफ

कोटाला पडलेलं भोक हा माणूस असं बुजवायचा की ते कोटाच्या मालकालाही सापडू नये. रफूच्या कामात अख्ख्या बाजारात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून उभा जन्म त्याने दुसऱ्यांची भोकं झाकली, आणि तीच खोड स्वतःच्या आयुष्यालाही लावून घेतली. एचआयव्हीचं त्याने गावाकडच्या सख्ख्या भावालाही कळू दिलं नाही. महिन्यातून एकदा दवाखान्यात जायचा, तेव्हा लाँड्रीत सांगायचा, "सूत आणायला चाललोय."

निमोनिया होऊ नये म्हणून अशा पेशंटना गोळ्या देतात. त्या गोळ्यांनी याच्या अंगभर पुरळ उठलं, म्हणून डॉक्टरांनी वाफ सुरू केली. काचेच्या बंद खोलीत एकट्याने बसायचं, तोंडात नळी धरायची आणि औषधाचं धुकं ओढत राहायचं. ते दुसऱ्याच्या श्वासात जाऊ नये म्हणून सिस्टर काचेबाहेर. तोंड कडूजहर व्हायचं. तो बाहेर आला की सिस्टर पेपरमिंटची गोळी हातावर ठेवायची आणि शेजारी बसून विचारायची, "काका, खोकला? दम? पोटात दुखतं का?" हेच औषध शिरेतून दिलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, वाफेतून रक्तात फार थोडं उतरतं, तरी विचारलेलं बरं, असं तिने सुरुवातीलाच समजावलं होतं.

तर पोटात दुखत होतं. चांगलंच दुखत होतं. पण खरं सांगितलं तर वाफ बंद होणार, आणि वाफ बंद झाली की जेवलात का, झोप लागते का, हे विचारणारं जगात कुणी उरणार नाही. म्हणून हा शहाणा दर खेपेला म्हणायचा, "छे, पोट ठणठणीत." विचारपूस करणारं एकुलतं एक माणूस, आणि तिच्याशीच आपण खोटं बोलतो, याचं त्याला फार वाईट वाटायचं.

एकदा वाफ घेता घेताच कळ आली. तो पोट धरून वाकला. काचेपलीकडे नजर लावून बसलेल्या सिस्टरपासून काय लपणार?

"कधीपासून दुखतंय?"

"झाले काही महिने."

"आणि मला बोलला नाहीत? काका, मी काय गंमत म्हणून विचारते?"

तिने रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट घ्यायला तो जीव मुठीत धरूनच गेला. सिस्टर हसत बाहेर आली. स्वादुपिंडाला काही झालेलं नव्हतं. दुखणं पित्ताचं होतं. एकट्यासाठी कोण चूल पेटवणार म्हणून हा दिवस दिवस चहावर काढायचा. "आणि अजून एक," ती म्हणाली, "तुमची प्रतिकारशक्ती वाढलीय आणि टिकलीय. आता वाफेची गरजच नाही, असं डॉक्टर म्हणाले. रोजच्या गोळ्या तेवढ्या चुकवू नका. जा, आधी घरी फोन करा."

तो बाकावर बसला. फोन काढून भावाच्या नंबरापर्यंत आला. पण आजार कधी सांगितलाच नव्हता, तर बरं झाल्याचं काय सांगणार? त्याने फोन परत खिशात टाकला.

सिस्टर पुन्हा तिथून गेली. "केलात फोन?"

"केला," तो म्हणाला. "फार खूष झाले सगळे."

तिला इतका आनंद झाला की खरं सांगणं त्याच्या जिवावर आलं.