रोटरला बसायला पाट

वैनीचा फोन आला तेव्हा मी गारगोटीच्या बाजारात वांगी निवडत होते. "वन्सं, या," एवढंच ती म्हणाली. माझा थोरला भाऊ, विलासदादा, गेला होता. सकाळी चहा पिऊन आंघोळीला उठला आणि उठता उठताच खाली बसला. हृदयाचं दुखणं जुनं, डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. तरी मेलं मन कुठं तयार असतं? वांगी तिथंच टाकून मी मुरगूडची एसटी धरली. आता महिना उलटून गेला. पण त्याच्याबद्दल लिहायला बसले की रडायच्या आधी हसूच येतं. माणूसच तसला होता.

आवाज मोठा आणि धीर म्हणून नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी जड काही उचलायचं नाही म्हणून बजावलं, तर हा त्यांनाच म्हणाला, "मग रोटर काय तुमी जोडणार हाय?" रोटर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, माती भुसभुशीत करणारं लोखंडी धूड. एकदा शेडात जमिनीवर बसलं की हलायचं नाव घेत नाही. ट्रॅक्टर मागं घ्यायचा, चार बोटं चुकला की परत पुढं, परत मागं, आणि शेवटी भावकीतल्या माणसांनी पहारी घालून रोटरच सरकवायचा. त्यामुळं भावकीचं म्हणणं पडलं की लेक लग्न होऊन पुण्याला गेली, तुझ्यानं आता होत नाही, बाईमाणसाला औजारं झेपत नाहीत, तेव्हा रान फाळ्यानं, म्हणजे वर्षाच्या खंडानं दुसऱ्याला देऊन टाक. वैनीच्या फार जिवाला लागलं ते. ते रान तिनं दादाच्या बरोबरीनं राबून उभं केलेलं. "दुसऱ्याच्या हातात गेल्यालं मला बघवायचं न्हाय," ती म्हणाली.

मग सुरू झाला दादाचा उपद्व्याप. फौंड्रीच्या भंगारातली चाकं आणली, मोडक्या ट्रॉलीचं लोखंडी चॅनेल काढलं, गावातल्या वेल्डरच्या डोक्यावर बसून चौकोनी, बुटका गाडा करून घेतला. ढकलायला एक उभा दांडा. त्याला नाव दिलं पाट. "पावणा आला की पाट देतोय न्हवं आपण? मग रोटरला बी बसाय द्यायचा की!" मी म्हटलं, "दादा, दुसरं काहीतरी नाव ठेव. गावात पाट लावणं म्हणजे विधवेचं लगीन." तसा खदाखदा हसला. "व्हय की! तुज्या वैनीचा रोटरसंगं पाटच लावून देतोय मी." वैनी भडकलीच. "जिभंला काय हाड हाय का न्हाय तुमच्या?" म्हणून हातातला तांब्या आपटून आत गेली. तो मात्र हसतच होता.

आणि फजिती बघा. ते शेड म्हणजे आमचा जुना गोठा. गोठ्याची जमीन मोरीकडं उतरती असते, हे उभा जन्म शेण काढलेल्या आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. ट्रॅक्टरनं रोटर उचलून पाटावर टेकवला, पिना काढल्या, ट्रॅक्टर पुढं घेतला, आणि पाट जो सुटला तो पाण्याचं बॅरल आडवं करत थेट भिंतीला. "आवो, पावणा निघाला की!" वैनी ओरडली. दादानं कपाळावर हात मारून घेतला. मग कोबा घालून जमीन सपाट केली, चाकांना अडसर बसवला.

त्यानंतर दादा शेडात खुर्ची टाकून बसायचा आणि वैनी राबायची. ट्रॅक्टर मागं आणायची, खाली उतरून पाट जरासा ढकलून रोटर नेमका समोर घ्यायची, पिना घालायची. चुकली की हा खेकसायचा, तीही उलटून बोलायची. एकदा मी मदतीला पुढं झाले तर माझ्यावरच कडाडला, "हात लावू नगंस! उद्या तू हाईस काय गारगोटीस्नं यायला?" राग आला मला. वाटायचं, स्वतःची पाठ वाचवायला केलाय हा खटाटोप आणि बायकोला राबवतोय. पण मग ध्यानात आलं, तो दांडा दादाच्या कमरेला नव्हे, वैनीच्या कमरेला येत होता. तिच्याच मापानं केला होता त्यानं, आणि कुणाला बोलला नव्हता.

परवा भावकीतली मंडळी आली. बाहेरच्या सोप्यात बसली, दादाच्या आठवणी काढल्या आणि हळूच फाळ्याचा विषय काढला. वैनीनं चहा दिला, पदर खोचला आणि शेडात गेली. मंडळी कप हातात घेऊनच मागोमाग. एकजण पुढं झाला, "वैनी, सरका, आमी जोडतो." "बसा वो पावणं," ती म्हणाली. सख्ख्या भावकीला पावणं! तिनं ट्रॅक्टर मागं घेतला, उतरून पाट जरासा ढकलला. डावी पिन, उजवी पिन, वरची लिंक, मग शाफ्ट. रोटर उचलला आणि ती रानाकडं गेली. मंडळींनी चहा संपवला. फाळ्याचं नाव परत कुणी काढलं नाही.

दिवस मावळताना ती आली. रोटर टेकवला, ट्रॅक्टर बंद केला आणि तिथंच कोब्यावर बसली. एवढे दिवस सगळ्यांना धीर देणारी बाई, हुंदके देऊन रडायला लागली. मी जवळ बसले.

"समदं शिकीवलं तुमच्या भावानं," ती म्हणाली. "पर वन्सं, घरला आल्यावर सांगू कुणाला... आज किती रान झालं म्हून?"

मी म्हटलं, "मला सांग की."

तिनं डोळे पुसले, आणि वरच्या बांधापासून सांगायला लागली.