टाक्यांभोवतीचे लाल ठिपके

आईच्या दंडावरची चरबीची गाठ काढली तेव्हा मी नववीत होते. टाके पिकले. आमच्या भिवापूरकडे अशा गोष्टीचं कारण शोधावं लागत नाही, माणसं घरी येऊन सांगतात. वांगं खाल्लं असेल, डाळ खाल्ली असेल. मावशीने तर निकालच दिला, "चौथ्या दिवशी मिरच्यांचे देठ तोडायले गेलीस ना वं? मंग टाके पिकणार नाही तं काय?" आई गेली होती हे खरंच होतं.

यंदा आईच्या पाठीवर दुसरी गाठ आली. दुखायची, म्हणून ती कुशीवरच झोपायची, पण दवाखान्याचं नाव काढू देईना. "तो तमाशा मले पुन्हा नाही पायजे."

मी नागपुरात हुडकेश्वरला खोली करून राहते, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे मला कळलंय ते खरंच कळलंय का, याची नेहमी शंका असते. एका तासाला मॅडमनी दोन धागे हातात दिले. एक रेशमाचा, काळा, गुंफलेला. दुसरा नायलॉनचा, एकेरी, गुळगुळीत. रेशमाने काहींच्या त्वचेवर टाक्याभोवती लाली येते, गुंफणीत जंतूही अडकतात, असं त्या सांगत होत्या. मला आईचा दंड आठवला. जखमेची रेघ बरी होती. लाल ठिपके होते ते फक्त धागा आत शिरायचा तिथे, दोन्ही बाजूंना, ओळीने. मिरचीचा हात लागून इतकं नेमकं झालं असतं का?

रविवारी घरी गेले.

"आई, तो धागा कसा होता वं?"

"काळा. वेणीवानी. काहून?"

मी सांगितलं. तिने बाही वर सारून दंडावरचे डाग चाचपले. "मंग मिरचीनं नाही झालं?"

"नक्की नाही सांगता येत. पण डॉक्टरले विचारता येते."

"तू विचारशील? तुले तं कंडक्टरले बस थांबव म्हणता येत नाही."

"विचारीन."

नागपूरच्या दवाखान्यात मी सगळं कागदावर लिहून नेलं आणि त्यात बघूनच विचारलं. डॉक्टरांनी दंडावरचे ठिपक्यांचे जुने डाग पाहिले. "रेशीम असावं. त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, पण नोंद करतो. नायलॉन वापरू." मग आईकडे वळून म्हणाले, "आणि टाके निघेपर्यंत मिरचीला हात नाही."

"सायेब, मिरचीनं नाही झालं म्हणते ना माही पोरगी!"

"नसेल झालं. तरी नाही."

आई ऑपरेशनला तयार झाली.

बारा दिवसांनी टाके काढताना ती पालथी पडली होती. पाठ तिला दिसत नव्हती.

"कसं दिसते वं?"

मी एकेक टाका नीट पाहिला. "एकापाशी थोडं लाल आहे. बाकी साफ."

"खरं सांगून राहिली ना?"

"खरं."

"मंग फोटो काढ," आई उशीत तोंड खुपसूनच म्हणाली, "अन् मावशीले पाठव."